टणक झालेलं रान

ताउनोच्या बुटांचा आवाज पायऱ्या उतरून गेला की हेल्वी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायची आणि काही म्हणजे काही करायची नाही. कॉफी प्यायची, तीही गार झालेली. रेडिओ बंद, भांडी तशीच. सकाळचा तो तासभर तिचा होता. उरलेला दिवस भावाचा. माझे मोजे कुठे गेले, चमचा कुठे ठेवलास, उजाडलंय का नीट, आत्ता गाडी गेली ती कोणाची, पेपरात काय आलंय ते वाच, जरा हळू वाच, अगं एवढंही हळू नको. माणूस वाईट नव्हता हो. पण एका घरात दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक आंधळं, आणि बाहेर सहा-सहा महिने बर्फ. समोर देवमाणूस बसवला तरी डोकं उठेल.

ताउनोला काचबिंदू झाला होता. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. तोवर हेल्वीचा नवरा वारला आणि ती परत या माहेरच्या घरात राहायला आली. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर पोरांना बटाटे उकडून घातले, आता तळ्याकाठच्या घरात निवांत बसायचं, असा तिचा बेत होता. बेत म्हणे!

तर तो तास. ताउनो रोज सकाळी एकटा तळ्यावर जायचा. रानातून, पायवाटेनं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली. काठालगत पाण्यात त्याचा तारेचा पिंजरा बुडवलेला असायचा. अडकलेले मासे काढायचे, पिंजरा पुन्हा सोडायचा, दगडावर घटकाभर बसायचं, परत यायचं. काठी होती ती तोंडावर येणाऱ्या फांद्या बाजूला करायला. वाट शोधायचे त्याचे पाय. आज्यापासून माणसांनी आणि गाईंनी तुडवून तुडवून ती वाट दगडासारखी केली होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना घोटा बुडेल असं शेवाळ. पाय टणक पडला की वाट. मऊ पडला की चुकलास बाबा, मागे फिर. याच्यापलीकडे त्यात काही नव्हतं. त्यासाठी तो जुनेच रबरी बूट घालायचा, तळ झिजून पापडासारखे झालेले. हेल्वीनं एकदा नवे आणले तर म्हणाला, "यात पाय बहिरा होतो. तूच घाल."

गावातून नगरपालिकेची नर्स तार्या यायची, त्याचा रक्तदाब बघायला. तिला या तळ्याच्या फेऱ्यांचं मोठं टेन्शन.

"एकटा जातोस? रानात? आणि वाट चुकलास म्हणजे?"

"तुझ्या गाडीतली ती बाई तुला डावीकडे वळ, उजवीकडे वळ सांगते तेव्हा कुठे तू इथवर पोचतेस," ताउनो म्हणाला. "मला कोणी सांगावं लागत नाही."

तार्या हसली, पण जाताना दारात हेल्वीला हळूच म्हणाली, "तो स्वतःच्या पायांनी जाऊन येतोय तोवर ठीक आहे. ते थांबलं ना, की तुला एकटीला झेपणार नाही. गावातल्या वृद्धाश्रमात सांगून ठेवू का?"

"एवढ्यात नको," हेल्वी म्हणाली. तिला माहीत होतं की दोघांचा संसार त्या एका तासावर उभा आहे. त्याला तेवढा वेळ कोणी हात धरत नाही, आणि तिला तेवढा वेळ कोणी हाक मारत नाही. एवढं मिळालं की उरलेला दिवस माणूस माणसासारखा वागू शकतो.

आता रानाचं. घर आणि तळं यांच्यामधलं सूचीपर्णी स्प्रूसचं रान ताउनोनंच तरुणपणी लावलेलं. झाडं दाटली होती, एकमेकांच्या अंगावर वाळत होती. मधली मधली झाडं काढून विरळणी करायलाच हवी होती, कधीची राहिली होती. वनसंघाचा माणूस येऊन बघून गेला, यंत्राच्या वाटा दाखवायला झाडांना रंगीत फिती बांधून गेला, आणि ठरलं ते आमच्याकडे अशा ओलसर सखल जागेचं ठरतं तसंच: यंत्र आत घालायचं ते हिवाळ्यात, जमीन गोठल्यावरच. खाली सगळी चिकणमाती. गोठली की तिच्यावरून आगगाडी न्या. न गोठलेली असली तर तिच्यावरून गाईनंही जपून जावं.

त्या वर्षी गडबड अशी झाली की थंडीच्या आधी बर्फ पडला. नोव्हेंबरात ओल्या जमिनीवर गुडघाभर बर्फ येऊन बसला. बर्फ म्हणजे दुलई हो. वर कितीही कडाका पडू दे, दुलईखालची जमीन उबेत झोपून राहते. म्हणून असा बर्फ आधी आला की आमच्याकडे तो तुडवतात. यंत्र जिथून जिथून जाणार त्या रेषांवरून बर्फावरची स्कूटर पुन्हा पुन्हा फिरवायची, दुलई दाबून दाबून पातळ करायची, म्हणजे थंडी खाली उतरते. ताउनोनं हे काम जन्मभर केलेलं, स्वतःच्या रानात आणि दुसऱ्यांच्याही.

"हेल्वे, बर्फ तुडवायला हवा," तो म्हणाला.

"तुडवते."

"फितींच्या रेषेनं जा. एकदा नाही, चार-पाच वेळा जावं लागतं."

"माहितीये रे मला. याच घरात वाढलेय मी."

आणि खरंच तिच्या मनात होतं. पण आधी तिला खोकला झाला. मग स्कूटर सुरू होईना. मग ती सुरू झाली तर ताउनोच्या दाताचं निघालं आणि गावाला खेटे झाले. नाताळ आला नि गेला. जानेवारीत पारा असा काही उतरला की भिंतीतल्या लाकडांचे आवाज यायला लागले. हेल्वीनं खिडकीबाहेरचं तापमान बघितलं आणि स्वतःशी म्हणाली, एवढ्या थंडीत कुठली जमीन गोठायची राहणार आहे! शहरातला कोणी असं म्हणाला असता तर तीच पोट धरून हसली असती. पण दमलेल्या माणसाला जे सोयीचं असतं ते पटतं.

फेब्रुवारीत यार्मो आला. शेजारच्या गावचा, पन्नाशीचा, मान आणि पाठ दोन्ही यंत्राच्या केबिनीत घालवलेली. कापणारं यंत्र त्याचा भाचा चालवणार होता, आणि ओंडके वाहून रस्त्यापर्यंत आणणारं ते आठ चाकांचं धूड तो स्वतः. काम सुरू करण्याआधी त्यानं लोखंडी पहार घेऊन रानात दोन-चार ठिकाणी मारून बघितली आणि घरात येऊन टोपी काढून उभा राहिला. ताउनो तेव्हा तळ्यावर गेला होता, गोठलेल्या तळ्याला पाडलेल्या भोकाशी.

"हेल्वी, खाली लोणी आहे," यार्मो म्हणाला. "बर्फ तुडवला नाही कोणी?"

"नाही झालं."

"हं." त्यानं तिच्याकडे बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. "मग दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे मी यंत्रं परत नेतो. पण यंदा पुन्हा येणं व्हायचं नाही, आणि पुढचा हिवाळा कसला येतोय ते देवाला ठाऊक. आजकाल हिवाळे तरी कुठे भरवशाचे राहिलेत? किंवा मग मी वाटेत फांद्या अंथरतो. भरपूर अंथरतो, गादीसारख्या. खड्डे पडू देणार नाही, हा माझा शब्द. तुमच्या पायवाटेला तर चाक लावत नाही. फक्त ओलांडावी लागेल तिथे ओलांडीन."

हेल्वीनं टेबलाचा कोपरा धरला. परत पाठवायचं म्हणजे पुन्हा फोन, पुन्हा तो वनसंघाचा माणूस, पुन्हा फिती, पुन्हा वर्षभर ताउनोचं "रानाचं काय झालं?" तिला आत्ता, या क्षणी, फक्त बसायचं होतं. तिचा तास चालला होता आणि हा टोपीवाला त्यात उभा होता.

"कर बाबा," ती म्हणाली. "एकदाचं उरकून टाक."

ताउनो परत आला तेव्हा त्यानं पहिलं हेच विचारलं, "पहार मारली त्यानं? गोठलीय?"

"होईल म्हणतो," हेल्वी म्हणाली, आणि बटाटे सोलायला घेतले.

यार्मोनं शब्द पाळला, त्यात खोट काढायला जागा नाही. तोडलेल्या झाडांच्या हिरव्या फांद्या त्यानं चाकांखाली अशा घातल्या की बघत राहावं. उरलेल्या झाडांची साल कुठे खरचटली नाही. मार्चअखेर यंत्रं गेली, मेमध्ये बर्फ गेला, आणि रान असं स्वच्छ, उजेडाचं निघालं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. एक म्हणून खड्डा नाही. वनसंघाच्या माणसानं तर फोटो काढले, बाकीच्यांना दाखवायला, की ओल्या जागेतही काम असं होऊ शकतं.

ताउनोला मात्र बर्फ गेल्यावर पहिल्याच दिवशी यायला उशीर झाला.

"काय रे, मासे फार होते का?"

"नव्हते." त्यानं बूट काढले आणि तळवे चोळत बसला. "तिथे काहीतरी वेगळं लागतंय."

"विरळ झालंय ना. वारा लागत असेल तोंडाला."

"वारा तोंडाला लागतो, हेल्वे. मी पायाचं बोलतोय."

दुसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर ओरखडा होता. तिसऱ्या दिवशी बादली रिकामी. "तळ्याला गेलोच नाही, कंटाळा आला," म्हणाला. ताउनोला आणि तळ्याचा कंटाळा! हेल्वीला ते खटकलं, पण तिनं विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की काहीतरी करावं लागतं.

जूनमधली एक सकाळ. कॉफी गार झाली, संपली. तास उलटून गेला. खरं सांगायचं तर हेल्वीनं वरचा थोडा वेळ अगदी चवीनं घालवला, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून. मग एकदम तिनं घड्याळ बघितलं. ती उठली, पायात सापडलं ते घालून तळ्यावर गेली. दगडावर कोणी नाही. पिंजरा पाण्यात, मासे त्यात तसेच फडफडताहेत.

"ताउनो!"

ओ नाही. ती पायवाटेनं मागे आली, पुन्हा गेली, हाका मारून मारून घसा बसला. मग यंत्राची एक वाट धरून आत गेली, दुसरी धरून गेली. रानात दर थोड्या अंतरावर या रुंद सरळ वाटा, सगळ्या एकसारख्या. शेवटी पार दुसऱ्या टोकाला, दलदल सुरू होते तिथे, तो एका ताज्या बुंध्यावर बसलेला सापडला. बूट पाण्यानं भरलेले, बादली कुठेतरी गेलेली, डासांनी तोंड असं फोडलेलं की ओठ सुजून वर आलेले.

"ओ द्यायला काय झालं होतं रे तुला? जीव गेला माझा!"

"कशाला ओ देऊ? वाटेवरच तर आहे मी," तो म्हणाला. "मी वाट सोडलीच नाही, हेल्वे. एक पाऊल मऊ पडलं नाही. टणक, टणक, टणक, असा आलो. मग तळं यायच्या ऐवजी चिखल आला. मागे फिरलो, तर मागेही टणक. डावीकडे टणक. सगळीकडे वाटच आहे. मग मी कुठल्या वाटेनं यायचं?"

हेल्वी त्याच्या शेजारी बुंध्यावर टेकली. दम लागला होता.

"खरं सांग," ताउनो म्हणाला. "जमीन गोठली होती?"

"नव्हती."

"बर्फ तुडवलास?"

"नाही."

"वाटलंच मला. स्कूटरचा आवाज मला नसता का आला?"

"मग बोलला का नाहीस? मला शिव्या का नाही घातल्यास तेव्हाच?"

"तू दमली होतीस," ताउनो म्हणाला.

तिनं त्याचा हात धरला आणि दोघं घरी आली. घरी आल्यावर तिनं त्याच्या तोंडाला मलम लावलं, आणि ते लावताना तिला स्वतःचा इतका राग आला की डबी जमिनीवर आपटली.

दुसऱ्या दिवशी तिनं यार्मोला फोन केला. भांडायला नाही, भांडायला तिच्याकडे तोंड कुठे होतं? तो संध्याकाळी फावडं घेऊन आला. रानातल्या त्याच्याच वाटेवर, चाकं गेली होती तिथे, त्यानं चाकांखाली चेपून सपाट झालेल्या फांद्या बाजूला केल्या आणि फावडं मारलं. ते टणकन वाजलं. पायानं दाबून दाबून त्यानं एक ढेकूळ वर काढलं. ते उभं भुसभुशीत फुटायच्या ऐवजी आडवं, थाळीसारखं सुटलं, पापुद्र्यावर पापुद्रा. खाली निळसर, कोंदट वासाची माती. एक गांडूळ नाही, एक मूळ नाही. शेजारी जिथे चाक गेलं नव्हतं तिथे त्यानं दुसऱ्यांदा मारलं, तर फावडं दांड्यापर्यंत आत.

"खड्डा असता तर भरून दिला असता," यार्मो म्हणाला. त्यानं टोपी काढून घाम पुसला. "याचं काय करू? दाबलंय ते उचलू कसं? मला वाटलं, खड्डा नाही म्हणजे काही झालंच नाही."

"कधी सुटेल हे?" ताउनोनं विचारलं. तो काठीनं त्या ढेकळाला टोचून बघत होता.

"थंडीनं फुगून, उन्हानं बसून हळूहळू सैल होतं म्हणतात. वीस-तीस वर्षं. चिकणमातीत जास्तच."

"थांबतो मग," ताउनो म्हणाला. "बस, कॉफी घेऊन जा."

यार्मो कॉफी न घेताच गेला, पण दोन दिवसांनी जाड दोराचं भेंडोळं घेऊन परत आला आणि घरापासून तळ्यापर्यंत झाडाझाडाला बांधून गेला, कंबरेच्या उंचीला. बांधून झाल्यावर ताउनोचा हात त्यानं स्वतः त्या दोरावर नेऊन ठेवला.

"गाईला दावं बांधतात, इथे दाव्यालाच गाय बांधलीय," ताउनो म्हणाला. पण गेला. दोर धरून गेला, दोर धरून आला, मासे घेऊन आला. एका हातात दोर, दुसऱ्यात बादली, म्हणून काठी घरी, म्हणून फांद्या तोंडावर. तरी गेला.

बिघडलं ते दुसरीकडेच. हेल्वी खुर्चीत बसायची ती आता खिडकीकडे तोंड करून. घराजवळचा दोर हलतोय का बघायची. हलायचा थांबला की उठायची. कॉफी करायचीच नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी ती मोजे घालून, बूट हातात घेऊन, त्याच्या मागे मागे रानात गेली. अंतर ठेवून, श्वास रोखून. मग रोजच जायला लागली. तो दगडावर बसला की ही झाडामागे उभी. तो निघाला की ही आडवाटेनं पळत पुढे घरी, आणि खुर्चीत बसून धापा दाबत म्हणायची, "आलास? मासे मिळाले का?"

एक दिवस ताउनोनं मासे साफ करता करता म्हटलं, "आजही मागे होतीस."

"मी? छे! मी इथेच बसले होते."

"डास कमी होते."

"म्हणजे?"

"एकटा असलो की सगळे मला चावतात. तू असलीस की अर्धे तुझ्याकडे जातात. आठवडाभर अर्धेच आहेत."

हेल्वीला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. बऱ्याच दिवसांनी त्या घरात दोघं एकदम हसली, आणि मग ताउनो पुन्हा माशांकडे वळला. सुरीचा आवाज तेवढा खवल्यांवर.

शनिवारी सौना झाला, वाफेची अंघोळ. आधी तो, मग ती. ती बाहेर आली तेव्हा ताउनो ओल्या केसांनी पायरीवर बसला होता. ती शेजारी टेकली. तळ्याकडून गार हवा येत होती.

"तार्याला सांग," तो म्हणाला. "गावातल्या त्या जागेचं."

"कसलं? काही नको. दोर आहे की. मी मागे यायचं बंद करते, शप्पथ."

"येशील तू. मला माहितीये, येशील. आणि नाही आलीस तरी खिडकीत उभी राहशील." त्यानं गुडघे चोळले. "हेल्वे, मी तळ्यावर जायचो ते काय माशांसाठी? गावच्या दुकानात मासे मिळतात. तुला तासभर माझं तोंड दिसू नये म्हणून जायचो. आणि मलाही तुझं ऐकू येऊ नये म्हणून. आता तू दिवसभर माझ्याबरोबर असतेस. झोपेतसुद्धा कान इकडे. अशानं तू माझ्या आधी जाशील, मग मला तिकडेच जायचंय की. त्यापेक्षा आत्ताच गेलेलं बरं."

हेल्वीला काय वाटलं असेल? सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी पाठीवरची धोंड काढावी तसं. कितीतरी दिवस ती मनातल्या मनात हेच वाक्य त्याच्या तोंडून यायची वाट बघत होती, आणि ते आलं तेव्हा ती पायरीवर ओणवी होऊन हमसाहमशी रडली.

"रडू नको गं," ताउनो म्हणाला. "डास येतील."

ऑगस्टात खोली मिळाली. हेल्वीनं त्याला गाडीनं नेलं, कपाट लावून दिलं, रेडिओ लावून दिला, आणि परत आली. आता तिच्याकडे तास नव्हता, आख्खे दिवस होते. ती खुर्चीत बसली, आणि बसवेना. भांडी लगेच घासून टाकायची. कोणी हाक मारली असं वाटून दोनदा उठायची.

आठवड्यानं ती भेटायला गेली. ताउनो पलंगाच्या कडेवर बसलेला, हात मांडीवर. तिथली मुलगी दारात म्हणाली, "उठतच नाहीत हो. जेवायलासुद्धा हात धरून न्यावं लागतं. घरी एकटे रानात जायचे असं ऐकलं होतं आम्ही."

"काय रे?" हेल्वीनं विचारलं. "उठत का नाहीस?"

"कुठे उठू?" ताउनो म्हणाला. त्यानं पाय जमिनीवर आपटला. खाली चकचकीत प्लास्टिकचं आच्छादन, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि दाराबाहेर लांबच लांब बोळातही तेच. "हे बघ. सगळं सारखं. इथेही यार्मो येऊन गेला वाटतं."

ती हसली नाही. थोडा वेळ तिथेच त्याच्याशेजारी बसली, पायातले बूट काढले, मोज्यांनी त्या जमिनीवर दोन-चार पावलं टाकून बघितली, आणि "उद्या येते" म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरातल्या सतरंज्या उचलल्या. आमच्याकडे प्रत्येक घरात असतात, जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेल्या, अरुंद आणि लांबच लांब. स्वयंपाकघरातली, पुढच्या खोलीतली, जिन्याखालची, सगळ्या झटकून, गुंडाळून तिनं गाडीत कोंबल्या. वृद्धाश्रमातली मुलगी आधी नाहीच म्हणाली. कोणी अडखळून पडलं म्हणजे? हेल्वी जन्मात कोणाशी भांडली नसेल, ती त्या दिवशी भांडली. शेवटी मोठ्या बाईंनी येऊन चिकटपट्टीचा रोल दिला, आणि त्या दोघीच गुडघ्यावर बसून कडा चिकटवायला लागल्या. पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून दारापर्यंत, आणि मग बाहेर, बोळाच्या कडेकडेनं, पार टोकाच्या खिडकीपर्यंत.

"ऊठ," हेल्वी म्हणाली. "बूट नको. नुसत्या मोज्यांनी."

ताउनोनं एक पाय टाकला. थांबला. दुसरा टाकला, जरा बाजूला गेला, गुळगुळीत जमिनीवर पडला, आणि तो आपला आपण परत आला. त्याची मान वर झाली.

"उलटं आहे हे," तो म्हणाला. "इथे मऊ म्हणजे वाट."

"जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" तो दारापर्यंत पोचला होता. हेल्वी आपोआप त्याच्या मागे निघाली. त्यानं पाऊल थांबवलं आणि मान न वळवता म्हणाला, "तू बस तिथे."

ती त्याच्या खुर्चीत बसली. बोळातून त्याच्या मोज्यांचा आवाज लांब लांब गेला, पार खिडकीपर्यंत, आणि तिथेच थांबला. ती उठली नाही. थोड्या वेळानं ती मुलगी कॉफी घेऊन आली, तर हेल्वी बसल्या जागी झोपलेली होती. मुलीनं कप टेबलावर ठेवला आणि दार लोटून घेतलं.